एक समोसा = दहा मिनिटे : शाळा सुटल्यावर पोरं दुकानासमोरच का थांबतात?

ज्यांना बसच्या गर्दीत हेडफोनचं एक बोंडूक कधीच सापडत नाही, आणि ज्यांना मुळात ऐकण्यापेक्षा वाचायलाच आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतेय. बोलताना अडखळले तेवढं काढून टाकलंय, बाकी जसंच्या तसं.

आजची गोष्ट एका पाटीपासून सुरू होते. पुण्यातली गोष्ट म्हटल्यावर पाटी आलीच. कोथरूडमध्ये एका शाळेजवळ एक स्नॅक्स सेंटर आहे. नाव सांगत नाही, कारण दुकानदार काकांना तसा शब्द दिलाय. समोसा, वडापाव, पॅटिस, चहा, कोपऱ्यात कोल्ड्रिंकचा फ्रीज आणि दाराशी सिमेंटचा एक बुटका कट्टा. यंदा जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि आठवडाभरात तिथे एक कागद चिकटला:

"शाळा सुटल्यावर येथे घोळका करू नये. एक समोसा = दहा मिनिटे. नंतर घरी जावे."

माझी मावसबहीण त्या शाळेत नववीला आहे. तिने पाटीचा फोटो मला पाठवला आणि खाली लिहिलं, "ताई, आता आम्ही जायचं कुठे?"

मी हसले. फोटो स्टेटसला टाकला. हसणाऱ्या इमोजींचा पाऊस पडला. मग रात्री तिचा मेसेज परत वाचला, तेव्हा लक्षात आलं की पाटी विनोदी असली तरी पोरीचा प्रश्न विनोदी नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं.

म्हणून आजचा भाग त्या प्रश्नावर. तेरा ते सतरा वयाची मुलं शाळा सुटल्यावर दुकानासमोरच का जमतात? त्यात दुकानदाराचं काय जातं? आणि हाकललं तर ती खरंच घरी जातात का?

साडेबारा ते दोन

आधी वेळापत्रक बघू. पुण्यात बऱ्याच शाळा दोन सत्रांत भरतात. सकाळच्या सत्रातली शाळा साधारण साडेबाराच्या सुमारास सुटते. माझ्या बहिणीचा क्लास दोन वाजता, शाळेच्या मागच्याच गल्लीत. घर वारज्याला. मावशी आणि काका दोघंही नोकरीवर. घरी जाऊन, जेवून परत यायचं तर पीएमपीएमएलची बस दोन्ही वेळा हवी तेव्हा मिळायला हवी, आणि तो विषय काढला तर आजचा भाग त्यातच संपेल. थोडक्यात, रोज दीड तास मधल्या मध्ये उरतो.

हा दीड तास घालवायला शहरात जागा कुठे आहे? मी बहिणीबरोबर बसून यादी केली.

बाग? महापालिकेच्या बहुतेक बागा सकाळी आणि संध्याकाळी उघड्या असतात. भर दुपारी फाटकाला कुलूप. म्हणजे सकाळची शाळा सुटते नेमकी त्या वेळी बाग बंद.

शाळेचं मैदान? शाळा सुटली की वॉचमन काका फाटक लावून घेतात.

मैत्रिणीच्या सोसायटीचं पार्किंग? तिथे दोन पाट्या: "येथे खेळू नये" आणि "बाहेरील व्यक्तींना प्रवेश नाही".

अभ्यासिका? छान शांत असते. पण पाच तास गप्प बसून आलेल्या पोरांना आणखी दीड तास गप्प बसवणार कोण?

एसीवाला कॅफे? एका कॉफीला दोनशे रुपये. खिशात वीस असतात.

उरलं काय? दुकान. समोशाचे पैसे टीटीएमएम, म्हणजे तुझं तू माझं मी, आणि मग कट्ट्यावर जागा.

गंमत बघा, पुण्याची दुकानं दुपारी झोपतात असा आपला लौकिक. चितळे बंधूंची एक ते चार ही सुट्टी तर इतकी गाजलेली, की 2017 मध्ये त्यांनी दुपारी दुकान उघडं ठेवायचं ठरवलं तेव्हा त्याची बातमी झाली होती. पण शाळेजवळचं स्नॅक्स सेंटर, झेरॉक्सवाला, रसवंती, स्टेशनरीवाला यांना दुपारी झोप परवडत नाही. त्यांचा धंदाच शाळा सुटण्याच्या वेळेवर असतो. मुलं तिथे जातात त्यामागे कारण इतकं साधं आहे: भर दुपारी तेच एक दार उघडं असतं.

कट्टा ही काही आजची गोष्ट नाही

पेठांमधल्या वाड्यांना ओटा असायचा. धड घरात नाही, धड रस्त्यावर नाही, अशी जागा. देवळाला पार असायचा. तिथे बसलेल्या माणसाला "तुझं इथे काय काम?" असं कोणी विचारत नसे. वाडे पाडून इमारती झाल्या, इमारतींना कंपाउंड आलं, सिक्युरिटी आली, रजिस्टरमध्ये सही आली. ओटा गेला. बसायची सवय मात्र राहिली, आणि ती दुकानांकडे वळली.

पुण्यात त्याला जुनी परंपरा आहे. अमृततुल्य चहाची दुकानं घ्या. पितळी भांडं, समोर उकळणारा चहा, दोन बाकडी. इराणी हॉटेलं घ्या. डेक्कनचं कॅफे गुडलक 1935 चं आहे. एक बनमस्का आणि एक चहा यावर तिथे किती पिढ्यांनी किती तास काढले असतील, हिशोबच नाही. फर्ग्युसन रस्त्यावर वैशाली आणि रूपालीचं तेच. आपले आजोबा ज्या गप्पांच्या आठवणी काढून हळवे होतात, त्या गप्पा कुणाच्या तरी दुकानातच झालेल्या असतात. तेव्हा त्यांच्याकडे बघूनही कोणीतरी "रिकामटेकडी पोरं" म्हणालंच असणार.

बाहेरच्या जगात या जागेला एक नाव मिळालंय. रे ओल्डनबर्ग नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1989 मध्ये 'द ग्रेट गुड प्लेस' हे पुस्तक लिहिलं. त्यात तो म्हणतो ते आपल्या भाषेत सांगायचं तर असं: घर ही पहिली जागा, कामाचं ठिकाण ही दुसरी, आणि माणसाला एक तिसरी जागा लागते. स्वस्त, चालत जाता येईल अशी, जिथे ओळखीचे चेहरे असतात आणि जिथे मुख्य काम म्हणजे गप्पा. चहाचं दुकान, सलून, पुस्तकाचं दुकान, काहीही. नववीतल्या मुलीसाठी घर पहिली जागा, शाळा-क्लास दुसरी. दोन्हीकडे मोठ्यांचा हुकूम चालतो. तिसऱ्या जागेत ती पहिल्यांदा स्वतःचं स्वतः ठरवायला शिकते: पैसे कसे वाटायचे, भांडण झाल्यावर परत कसं बोलायचं, कोणाला काय सांगायचं आणि काय नाही.

माझा झेरॉक्सवाला

आता माझी गोष्ट. हा भाग रेकॉर्ड करताना मी दोनदा थांबले होते, ऐकलं असेल तर कळलं असेल.

मी दहावीत होते. प्रिलिमचे गणिताचे पेपर मिळाले. ऐंशीपैकी एकोणीस. घरी जायची हिंमत होईना. शाळेजवळ एक झेरॉक्सचं दुकान होतं. आम्ही रोज तिथे जर्नलच्या झेरॉक्सच्या निमित्ताने उभ्या राहायचो. त्या दिवशी मैत्रिणी गेल्या, मी राहिले. पाच वाजले, सहा वाजले. मी एकच पान परत परत झेरॉक्स करून घेत होते, कारण नुसतं उभं राहायला कारण हवं ना! माझ्याकडे फोन नव्हता.

दुकानातल्या काकांनी काही विचारलं नाही. एक स्टूल पुढे सरकवलं. चहा मागवला, त्यात माझाही सांगितला. मग म्हणाले, "शेवटची तीन पानं झाली ना, त्याचे पैसे देऊ नकोस. घरचा नंबर सांग." त्यांनी बाबांना फोन केला, आणि मला ऐकू येईल असं म्हणाले, "साहेब, मुलगी माझ्या दुकानात आहे, ठीक आहे. घ्यायला या. आल्यावर लगेच काही बोलू नका."

बाबा आले. बोलले नाहीत. म्हणजे त्या दिवशी नाही.

ती संध्याकाळ मी त्या दुकानाऐवजी कुठे काढली असती, हा प्रश्न मला आजही नकोसा वाटतो. त्या काकांना मी रोज दिसत होते, म्हणून त्या दिवशी काहीतरी बिनसलंय हे त्यांना न सांगता कळलं. जेन जेकब्स या लेखिकेने 1961 मध्ये अमेरिकन शहरांवर एक गाजलेलं पुस्तक लिहिलं. तिचं निरीक्षण हेच होतं, की रस्ता सुरक्षित राहतो तो आधी रस्त्यावर असलेल्या डोळ्यांमुळे. आणि ते डोळे बहुतेक वेळा दुकानदारांचे असतात. तिच्या गल्लीतला गोळ्या-चॉकलेटवाला शाळेत जाणाऱ्या लहान पोरांना रस्ता ओलांडताना सांभाळायचा, शेजाऱ्यांच्या किल्ल्या ठेवून घ्यायचा. त्याला याचा पगार नव्हता.

काकांचं गणित

म्हणून मी पाटीवाल्या काकांना भेटायला गेले, तेव्हा मनात ठरवूनच गेले होते की हा माणूस खडूस असणार. तसं काही नव्हतं.

ते म्हणाले, "ताई, माझ्याकडे चार टेबलं. दुपारी दीड तास धंद्याचा. बँकेतली माणसं येतात, रिक्षावाले येतात, एक वडा, एक चहा, दहा मिनिटांत उठतात. पोरं सहा जणांत दोन समोसे घेतात आणि तासभर बसतात. भाडं काही समोशावर सूट देत नाही."

गणित खरं आहे. छोट्या हॉटेलचा सगळा खेळ एक खुर्ची दिवसात किती वेळा रिकामी होते आणि भरते यावर असतो. पदार्थ स्वस्त असला की खुर्ची आणखी भराभर फिरावी लागते. म्हणूनच आजकाल चहाची नवी दुकानं बघा: काउंटर, डस्टबिन, आणि बसायला काही नाही. प्या आणि निघा.

पण काकांचं खरं दुखणं पैशाचं नव्हतं. वरच्या सोसायटीने तक्रार केली होती. दुचाक्या आडव्या लागतात, आरडाओरडा होतो, शिव्या ऐकू येतात, वेफर्सची पाकिटं गेटसमोर पडतात. एकदा दोन मुलांत मारामारी झाली. "उद्या कोणाचं डोकं फुटलं तर पोलीस आधी मला विचारणार. पालक म्हणणार, तुमच्या दुकानात झालं. मी काय त्यांचा मास्तर आहे?"

मी विचारलं, "मग यापूर्वी किती वर्षं बसू देत होता?"

"सोळा," काका म्हणाले. आणि मग स्वतःच सांगत बसले. कोणाला पाणी दिलं, कोणाच्या गुडघ्याला हळद लावली, कोणाची आई उशीर झाला की त्यांनाच फोन करते. सोळा वर्षं हे काम ते फुकट करत होते आणि कोणी त्याला काम म्हटलं नव्हतं. तक्रार आली तेव्हा मात्र जबाबदारी त्यांच्या एकट्याची झाली.

एक गोष्ट काकांच्या विरोधातली पण सांगते, कारण ती खरी आहे. 2020 च्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ मुलांना विकता येत नाहीत. काकांचं दुकान त्या हद्दीच्या बाहेर आहे. तरी रोज समोसा हे काही जेवण नाही. बहीण डबा नेते, पण हॉटेलात बसून घरचा डबा उघडायचा नाही, हाही एक नियम. म्हणजे बसायचं तर तळलेलंच घ्या. हा गुंता लक्षात ठेवा, शेवटी परत येतोय.

मुलींना कारण लागतं

तुम्ही कधी नीट पाहिलंय? कट्ट्यावर नुसती बसलेली टोळकी बहुतेक मुलांची असतात. मुली असतात त्या झेरॉक्सच्या दुकानात, स्टेशनरीत, पाणीपुरीच्या गाडीपाशी. हातात काहीतरी असतं. वही, प्लेट, पिशवी.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं 'व्हाय लॉइटर?' हे पुस्तक 2011 मध्ये आलं. ते मुंबईबद्दल आहे, पण पुण्यालाही तंतोतंत लागू पडतं. मुद्दा असा, की बाई घराबाहेर दिसली तर तिला काहीतरी काम असलंच पाहिजे. नुसतं रेंगाळण्याचा हक्क तिला नाही. मी एकच पान पुन्हा पुन्हा झेरॉक्स करत होते ते याचसाठी. आणि म्हणून दुकान बंद झालं की मुलांपेक्षा मुलींचं नुकसान जास्त होतं. मुलगा कोपऱ्यावर उभा राहील. मुलीला घरून सांगणार, "मग सरळ क्लासला जाऊन बस."

हाकलून काय होतं?

पोरांना दुकानापासून लांब ठेवायचे प्रयोग जगात खूप झाले. सगळ्यात भन्नाट प्रयोग वेल्समधला. 2005 च्या सुमारास हॉवर्ड स्टेपलटन नावाच्या माणसाने 'मॉस्किटो' नावाचं यंत्र बनवलं आणि बॅरी गावातल्या एका दुकानाबाहेर लावून पाहिलं. ते इतक्या उंच पट्टीचा किरकिरा आवाज काढतं, की साधारण पंचविशी उलटलेल्या बहुतेकांना तो ऐकूच येत नाही. वयाप्रमाणे आपल्या कानाची वरच्या पट्टीची क्षमता कमी होत जाते ना, तिचा हा उपयोग. मोठे आरामात खरेदी करणार आणि पोरं कान धरून पळणार!

मग पोरांनी काय केलं? तोच आवाज मोबाईलची रिंगटोन केला. वर्गात वाजायची, शिक्षकांना ऐकू यायची नाही. 2010 मध्ये युरोपच्या कौन्सिलच्या संसदीय सभेने या यंत्रावर सार्वजनिक जागी बंदी घाला अशी मागणी केली, कारण त्यात गोंधळ घालणारा आणि न घालणारा असा फरकच नव्हता. वय कमी म्हणजे गुन्हेगार, एवढंच.

अमेरिकेत मिनेसोटातल्या 'मॉल ऑफ अमेरिका'ने 1996 मध्ये नियम केला, की शुक्रवारी-शनिवारी संध्याकाळी सोळाच्या आतल्यांनी मोठ्या माणसाबरोबरच यायचं. मॉलपुरतं काम झालं असेल. पण मॉलच्या बाहेर ती मुलं कुठे गेली, हे बघायची जबाबदारी मॉलची नव्हती.

आपल्या पाटीनंतर काय झालं ते बहिणीने सांगितलं. सहा जणींच्या ग्रुपमधल्या दोघी क्लासच्या जिन्यात बसतात, आपापल्या फोनमध्ये. एक घरी जाते आणि क्लास बुडवते. मुलं एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत जाऊन बसतात. काही जण टपरीवर. आता कायदा सांगतो की शाळेपासून 100 यार्डांत, म्हणजे सुमारे 91 मीटरमध्ये, तंबाखू-सिगारेट विकायची नाही, आणि अठराच्या आतल्यांना तर कुठेच नाही. हा कायदा 2003 चा आहे. पण एक मुलगा रोज टपरीवर उभा राहायला लागला हे घरी कळवणारे काका आता त्याच्या वाटेवर नाहीत. घोळका मोडला, पण मुलं घरी गेली नाहीत. दिसेनाशी झाली, इतकंच.

मग करायचं काय?

1989 च्या बालहक्क करारात कलम 31 आहे: विश्रांती, मोकळा वेळ आणि खेळ हा मुलांचा हक्क. भारताने तो 1992 मध्ये मान्य केला. पण हक्क झाला म्हणून काकांच्या खुर्चीवर फुकट बसायचा परवाना मिळत नाही. शाळेचं मैदान दुपारी तासभर उघडं ठेवणं, एखादी बाग दुपारी उघडणं, हे शाळेचं आणि महापालिकेचं काम आहे. ते व्हायला वेळ लागेल. तोवर गल्लीत काय करता येईल?

मी बहिणीला म्हटलं, "तुम्हीच जाऊन काकांशी बोला." ती घाबरली. मग तिघी गेल्या. मी मुद्दाम लांब थांबले. वीस मिनिटं बोलणं चाललं. ठरलं ते असं:

आतली टेबलं गिऱ्हाइकांची, मुलांनी बाहेरचा कट्टा वापरायचा. पावणेएक ते पावणेदोन, त्यानंतर उठायचं. सायकली आणि दुचाक्या गेटसमोर नाहीत. कचरा रोज एकाने उचलायचा, पाळी लावून. शिवी ऐकू आली तर त्या दिवशी कट्टा बंद, सगळ्यांसाठी. आणि कट्ट्यावर घरचा डबा उघडलेला चालेल. हे शेवटचं काकांनी स्वतःहून सांगितलं, त्यामुळे तो मघाचा समोशाचा गुंता थोडा सुटला.

सोसायटीचे चेअरमन अजून पूर्ण राजी नाहीत. "महिनाभर बघू" म्हणालेत. मुलांपैकी दोघं परत आले, बाकीचे अजून त्या अर्धवट इमारतीतच बसतात. म्हणजे सगळं सुरळीत झालं असं मी सांगणार नाही.

पाटीसुद्धा निघालेली नाही. फक्त "नंतर घरी जावे" या ओळीवर पेनाने काट मारून काकांनी खाली लिहिलंय: "नंतर क्लासला जावे."

तुमच्याही शाळेजवळ असं एखादं दुकान असेल. तुम्ही आता कॉलेजात किंवा नोकरीत असाल, तर या शनिवारी तिथे एक चक्कर मारा. काहीतरी विकत घ्या, बसा, आणि दुकानदाराला तुमचं नाव सांगा. बऱ्याचदा त्यांना आठवतं. मी गेले होते. झेरॉक्सचं दुकान आता मोबाईलच्या कव्हरचं झालंय, काकांचा मुलगा बसतो. काका आत होते. मला बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गणित सुटलं का?"

पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत ऐकत राहा, आणि कट्ट्यावरून उठताना कचरा उचला!